बंदुकीचा आराखडा आणि शिपायाची तक्रार

(शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्गात आपण पाणीपुरवठा, शाळागृहे, रस्ते अशा आपल्या नित्याच्या विषयांवर व्याख्याने ऐकली. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने वेगळा, किंबहुना काहीसा अनपेक्षित आहे. ‘बुलपप’ पद्धतीच्या आधुनिक रायफलीची रचना आणि तिचा विकास, हा तो विषय होय. मी शस्त्रविद्येचा तज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती मिळवावी, पारखून घ्यावी आणि सोप्या शब्दांत लोकांपुढे ठेवावी, एवढेच माझे काम आहे. परंतु हा विषय वाचीत असता माझ्या असे ध्यानात आले की, जनतेच्या पैशातून एखादी वस्तू कशी आखली जाते, कशी तपासली जाते, कशी स्वीकारली जाते आणि ती बिघडल्यावर कोणाचे ऐकले जाते, याचा असा बोधप्रद दाखला क्वचितच सापडेल. म्हणून ब्रिटिश सैन्याच्या एका रायफलीची हकिगत मी आज आपणांस सांगणार आहे.

बुलपप म्हणजे काय?

आपल्याकडील पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफल आपण सर्वांनी पाहिली आहे. ती डोळ्यांपुढे आणा. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता, त्याच्या पुढे चाप, चापाच्या पुढे काडतुसांची पेटी म्हणजे मॅगझिन, आणि त्याच्या पुढे नळी, असा तिचा क्रम असतो. यातील दस्त्याचे काम काय? केवळ खांद्याला टेकण्याचे. रायफलीच्या लांबीचा मोठा भाग असा नुसत्या आधारासाठी खर्ची पडतो.

बुलपप रचनेत हा क्रम बदलला जातो. काडतुसांची पेटी आणि गोळी झाडणारी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटातच बसविली जाते. परिणामी नळी तेवढीच लांब ठेवूनही संपूर्ण रायफल आखूड करता येते. ‘बुलपप’ या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ बुलडॉग जातीच्या कुत्र्याचे पिल्लू असा आहे. पण कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमध्ये १९०१ साली थॉर्नीक्रॉफ्ट नावाची या धर्तीची एक आखूड रायफल तयार झाली होती.

नळी लांब ठेवण्याचा हा आग्रह कशासाठी, असा प्रश्न आपण विचाराल. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीत असेपर्यंत हा रेटा तिच्यामागे राहतो. नळी आखूड केली की रेटा लवकर संपतो आणि वेग घटतो. आधुनिक रायफलीची ५.५६ मिलिमीटर व्यासाची गोळी लहान व हलकी असते. तिचा सारा प्रभाव सेकंदाला ९०० मीटरहून अधिक अशा वेगावर अवलंबून असतो. उलटपक्षी, आजचा शिपाई चिलखती गाडीतून, हेलिकॉप्टरमधून प्रवास करतो आणि घराघरांतून शिरून लढतो. तेथे लांब बंदूक अडचणीची ठरते. लांब नळी आणि आखूड बंदूक या परस्परविरोधी गरजांचा मेळ बुलपप रचना घालते.

आकड्यांत सांगावयाचे तर, अमेरिकेच्या एम-१६ए२ या नेहमीच्या धाटणीच्या रायफलीची नळी ५०८ मिलिमीटर आणि एकूण लांबी १,००६ मिलिमीटर आहे. ज्या ब्रिटिश रायफलीविषयी मी बोलणार आहे तिची नळी ५१८ मिलिमीटर, पण एकूण लांबी अवघी ७८५ मिलिमीटर. म्हणजे नळी थोडी अधिक लांब असूनही रायफल जवळजवळ वीतभर आखूड झाली.

अर्थात प्रत्येक सोयीची किंमत असते. चाप पुढे आणि यंत्रणा मागे गेल्यामुळे दोहोंना जोडण्यासाठी लांब दांडी लागते व चापाचा हलकेपणा जातो. पेटी काखेपाशी येते, त्यामुळे ती बदलणे अवघड होते. सर्वांत मोठी अडचण डावखुऱ्यांची. रिकामी पुंगळी रायफलीच्या उजव्या बाजूने, गालाच्या अगदी जवळून बाहेर फेकली जाते. डाव्या खांद्यावर रायफल ठेवणाऱ्याच्या तोंडावरच ती येणार. ऑस्ट्रियाने १९७७ मध्ये स्वीकारलेल्या ‘स्टायर ऑग’ रायफलीत आणि फ्रान्सने १९७८ मध्ये स्वीकारलेल्या ‘फामास’ रायफलीत पुंगळी फेकण्याची बाजू बदलण्याची सोय ठेवण्यात आली. ब्रिटिश रायफलीत ती नव्हती. डावखुऱ्या शिपायालाही उजव्या खांद्यावरूनच नेमबाजी शिकावी लागली.

हातातोंडाशी आलेला घास

ब्रिटनमध्ये लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथे १८१६ पासून सरकारी बंदूक कारखाना होता. ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीच्या पूर्ण नावात, म्हणजे ली-एन्फील्डमध्ये, याच गावाचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एन्फील्डच्या तंत्रज्ञांनी ‘ईएम-२’ नावाची बुलपप रायफल तयार केली. तिच्या रचनाकारांचे प्रमुख स्टीफन जॅन्सन हे मूळचे पोलंडचे होते. एकूण लांबी ८८९ मिलिमीटर, सुमारे ७ मिलिमीटरचे मध्यम शक्तीचे काडतूस आणि नेमासाठी बसविलेली छोटी दुर्बीण, असे तिचे स्वरूप होते. एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने ती स्वीकारल्याचे जाहीरही केले.

परंतु नाटो संघटनेतील सर्व राष्ट्रांचे काडतूस एकच असावे असे ठरत होते आणि अमेरिकेचा आग्रह अधिक शक्तिमान काडतुसाचा होता. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या चर्चिल यांच्या सरकारने मित्रराष्ट्रांच्या एकवाक्यतेला महत्त्व देऊन ईएम-२ बाजूला ठेवली. पुढे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस नाटोचे प्रमाण काडतूस ठरले आणि ब्रिटनने बेल्जियमच्या आराखड्यावर आधारलेली ‘एस.एल.आर.’ रायफल घेतली. तिची लांबी १,१४३ मिलिमीटर होती. याच कुळातील रायफल ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊन आपल्या सैन्याच्या व पोलिसांच्या हाती आली, हे आपणांस ठाऊक असेल. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्या अमेरिकेने मोठ्या काडतुसाचा आग्रह धरला, तिनेच १९६० नंतरच्या दशकात ५.५६ मिलिमीटरचे लहान काडतूस आपलेसे केले.

पुन्हा तीच कल्पना

एन्फील्डने १९७० च्या दशकात बुलपपचा विषय पुन्हा हाती घेतला. १९८० च्या दशकासाठी लहान शस्त्रे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून या योजनेला ‘एसए-८०’ हे नाव मिळाले. शिपायाची रायफल आणि तुकडीची हलकी मशिनगन या दोहोंचे बहुतेक भाग समान असावेत, म्हणजे शिक्षण, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च वाचेल, असा हेतू होता. १९७६ मध्ये या रायफलीचे नमुने जगापुढे ठेवण्यात आले.

हे नमुने ४.८५ मिलिमीटर या ब्रिटिश काडतुसासाठी बनविलेले होते. नाटोने १९७७ पासून नव्या काडतुसाच्या चाचण्या घेतल्या आणि १९८० मध्ये निवड केली ती बेल्जियमने सुधारलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाची. एका काडतुसासाठी आखलेली रायफल आता दुसऱ्या काडतुसासाठी बदलणे भाग पडले. आतील यंत्रणा मात्र बरीचशी अमेरिकन ‘आर्मलाइट एआर-१८’ या रायफलीसारखी होती. नळीतील थोडा वायू एका छिद्रातून बाहेर घ्यावयाचा, त्याने दट्ट्या मागे ढकलावयाचा, दट्ट्याच्या धक्क्याने बोल्टने फिरून मोकळे व्हावयाचे, रिकामी पुंगळी बाहेर फेकावयाची आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवे काडतूस नळीत सारावयाचे, असा तिचा क्रम. तत्त्व सिद्ध झालेले होते. ते नव्या मांडणीत, दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या पेटाऱ्यात बसवावयाचे होते.

ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘एल-८५ए१’ या नावाने रायफल सैन्यात दाखल झाली. चौपट मोठे दाखविणारी ‘सुसॅट’ ही दुर्बीण तिच्यावर होती आणि नेमाच्या अचूकपणाबद्दल तिची वाखाणणी झाली. दुर्बीण आणि ३० काडतुसांची भरलेली पेटी धरून तिचे वजन सुमारे ५ किलोग्रॅम भरे.

नेमक्या याच सुमारास तिच्या कारखान्याची घडी विस्कटत होती. सरकारी बंदूक व दारूगोळा कारखान्यांचे जानेवारी १९८५ मध्ये कंपनीत रूपांतर झाले. १९८७ मध्ये ही कंपनी ब्रिटिश एरोस्पेसला विकण्यात आली. १९८८ मध्ये एन्फील्डचा पावणेदोनशे वर्षांचा कारखाना बंद झाला आणि रायफलीचे उत्पादन नॉटिंगहॅमला हलविण्यात आले. उत्पादनाचे काम ऐन भरात असता कारागीर, यंत्रे आणि जागा बदलल्यास काय होते, हे येथे बसलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

तक्रारी येऊ लागल्या

रायफल हाती पडताच शिपायांच्या तक्रारी सुरू झाल्या. पेटी सोडविण्याची कळ बाहेर आलेली होती. रायफल छातीशी लटकत असता ती अंगावर दाबली जाई आणि भरलेली पेटी जमिनीवर पडे. डास पळविण्यासाठी शिपाई अंगाला जे औषध लावीत, त्याने गालाखालचे प्लास्टिक विरघळे. फायरिंग पिन तुटे. रायफल विशिष्ट तऱ्हेने खाली आपटल्यास गोळी सुटण्याचा धोका असल्याने आरंभीच चापाच्या यंत्रणेत बदल करावा लागला. उजव्या बाजूची मूठ प्रत्येक गोळीबरोबर मागेपुढे होई आणि बाहेर पडणारी पुंगळी तिच्यावर आपटून पुन्हा आत जाई, की रायफल अडकली.

१९९१ च्या आखाती युद्धात या दोषांची खरी कसोटी लागली. वाळवंटातील बारीक धूळ यंत्रणेत शिरून रायफली आणि विशेषतः हलक्या मशिनगनी अडकू लागल्या. रणांगणावर शस्त्र अडकणे म्हणजे काय, याची कल्पना आपण करू शकता. कागदावर जो किरकोळ बिघाड म्हणून नोंदला जातो, तो त्या क्षणी शिपायाच्या प्राणावर बेतू शकतो. युद्धानंतर सैन्याच्याच तपासणी पथकाने या त्रुटींवर कठोर अहवाल लिहिला. तो अंतर्गत होता, पण पुढे वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला. १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीने या विषयाची चौकशी केली.

तरीही मूलगामी इलाज लगेच झाला नाही. एकेका दोषावर एकेक ठिगळ लावण्याचे काम चालू राहिले. शस्त्र मुळात चांगले आहे, शिपायांनी ते अधिक स्वच्छ ठेवावे, असा युक्तिवाद होत राहिला. १९९७ मध्ये नाटोच्या नामनिर्देशित शस्त्रांच्या यादीतून ही रायफल वगळण्यात आली, तेव्हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

सांगोपांग दुरुस्ती

अखेर हे काम हेक्लर अँड कॉख या जर्मन बंदूक कारखान्याकडे सोपविण्यात आले. हा कारखाना त्या काळी ब्रिटिश एरोस्पेसच्याच मालकीचा होता. त्याच्या तंत्रज्ञांनी आराखडा नव्याने काढला नाही. मांडणी तीच ठेवून त्यांनी तक्रारींचा एकत्रित अभ्यास केला. बोल्ट, पुंगळी ओढणारी आकडी, फायरिंग पिन, हातोडी, स्प्रिंगा, वायूचे भाग आणि पेटी, अशा अनेक भागांत बदल झाले. पुंगळी जिच्यावर आपटत असे, त्या मुठीला स्वल्पविरामासारखा आकार देण्यात आला. त्यामुळे तिच्यावर आदळणारी पुंगळी आत परत न येता बाहेर उडू लागली. एवढ्याशा बदलाने एक जुनी व्याधी दूर झाली.

या वेळी चाचण्याही वापराच्या ठिकाणच्या हवामानात झाल्या. कुवेतचे वाळवंट, अलास्कातील थंडी आणि ब्रुनेईचे दमट जंगल, अशा तिन्ही प्रकारच्या प्रदेशांत रायफल तपासण्यात आली. २००० साली करार होऊन सुमारे २ लाख शस्त्रांची दुरुस्ती हाती घेण्यात आली. त्यासाठी ९.२ कोटी पौंड, म्हणजे प्रत्येक शस्त्रामागे ४०० पौंडांहून अधिक, खर्च मंजूर झाला. दुरुस्त रायफलीला ‘एल-८५ए२’ हे नाव मिळाले.

२००२ मध्ये अफगाणिस्तानातून पुन्हा काही तक्रारी आल्या. या वेळी त्या दडपल्या गेल्या नाहीत. तेथेच जाऊन तपासणी करण्यात आली आणि वंगण व सफाईची पद्धत त्या हवेला अनुरूप नाही, असे निष्पन्न झाले. सूचना बदलण्यात आल्या. पुढे इराक व अफगाणिस्तानातील दीर्घ मोहिमांत या रायफलीने शिपायांचा विश्वास बऱ्याच अंशी परत मिळविला. २०१८ पासून तिची तिसरी आवृत्ती सैन्याला मिळू लागली. म्हणजे मूळ कल्पना टाकाऊ नव्हती. ती वापरणाऱ्याचे म्हणणे आराखडा करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचावयास पंधरा वर्षे लागली, हा खरा दोष होता.

बुलपप पद्धतीचे भवितव्य काय, असेही आपण विचाराल. मते विभागलेली आहेत. फ्रान्सने २०१७ पासून फामासच्या जागी नेहमीच्या धाटणीची रायफल देण्यास आरंभ केला. चीनने १९९० च्या दशकात बुलपप स्वीकारली होती, पण २०१९ मध्ये जगापुढे आणलेली त्याची नवी रायफल जुन्या मांडणीची आहे. उलट ऑस्ट्रेलियाने ‘ऑग’ची सुधारित आवृत्ती आपल्या लिथगो येथील कारखान्यातच विकसित केली. आपल्या देशाने विशेष दलांसाठी इस्रायलची ‘तावोर’ ही बुलपप रायफल घेतली. कोणती मांडणी श्रेष्ठ, याचे उत्तर शस्त्र कोठे व कोणाच्या हाती वापरले जाणार यावर ठरते.

आपल्या घरचा अनुभव

हा सारा परक्यांचा अनुभव आहे, असे मानून आपण निश्चिंत राहू नये. आपल्या सैन्याची ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ रायफल पुण्यात पाषाण येथील आयुध संशोधन व विकास संस्थेत आखली गेली. ती बुलपप नाही, पण तिची वाटचाल पाहता हाच धडा मिळतो. स्वदेशी संशोधनाचे ते मोठे पाऊल होते, याविषयी दुमत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात मात्र अतिउंचीवरील कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. पुण्याच्या हवेत जी वस्तू निर्दोष वाटते, ती हिमशिखरांवर तशीच ठरेल असे नाही. शिपायाने केलेली तक्रार ही शास्त्रज्ञाची निंदा नसते. प्रयोगशाळेला जे दिसत नाही ते दाखविणारी ती एक चाचणीच असते.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी बंदुका बनवीत नाही. पण हातपंप बसवितो, शाळागृहाचा नकाशा मंजूर करतो, शिधापत्रिकेचा अर्ज छापून घेतो. या प्रत्येक वस्तूला एक आराखडा असतो आणि एक वापरणारा असतो. हातपंपाचा दांडा उंच झाला आहे, असे पाणी भरणाऱ्या भगिनीने सांगितले, वर्गातील फळ्यावर उजेड चमकतो, असे शिक्षकाने लिहिले, तर “तुम्ही नीट वापरत नाही” हे उत्तर देणे फार सोपे असते. ब्रिटनच्या संरक्षण खात्यालाही ते सोपे वाटले. त्या सोपेपणाची किंमत पैशांत ९.२ कोटी पौंड झाली. ज्यांनी अडकलेली रायफल हाती घेऊन वाळवंटात रात्री काढल्या, त्यांनी मोजलेली किंमत कोणत्याही हिशेबात आलेली नाही.

म्हणून या हकिगतीतून तीन गोष्टी आपण बरोबर न्याव्यात, असे मला वाटते. पहिली, वस्तू जेथे वापरावयाची तेथील ऊन, धूळ आणि पाऊस यांत तिची चाचणी झाल्यावाचून स्वीकृतीची सही करू नये. दुसरी, काम मध्यावर असता यंत्रणा बदलावी लागली, तर तपासणी दुप्पट दक्षतेने करावी. आणि तिसरी, आलेल्या तक्रारी सुट्यासुट्या निकालात न काढता एकत्र मांडून वाचाव्यात. त्या एकत्र वाचल्या की, दोष वापरणाऱ्यात आहे की आराखड्यात, हे आपोआप स्पष्ट होते.

उद्या आपण आपापल्या कार्यालयात, शाळेत आणि पंचायतीत परत जाल. तेथे टेबलावर एखादा तक्रारअर्ज पडलेला असेलच. तो दाखल करण्यापूर्वी एकदा नीट वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.